रात्री दोन-तीनला मुंबईत उतरणार असाल तर: कुठल्या गाडीत बसायचं आणि कोणाच्या मागे जायचं नाही

मी टिळकनगरला राहते. कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, म्हणजे एलटीटी, आमच्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. त्यामुळे परभणी-लातूरकडून नोकरीला, परीक्षेला, दवाखान्याच्या कामाला मुंबईत येणाऱ्या आमच्या माणसांचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा आमच्याकडेच असतो. निघण्याआधी प्रत्येकाला मी फोनवर एक गोष्ट दोनदा-तीनदा बजावते: स्टेशनात जो माणूस तुमच्याकडे चालत येऊन 'टॅक्सी?' विचारेल, त्याच्या गाडीत बसायचं नाही. गाडीकडे तुम्ही चालत जायचं.

याचं कारण साधं आहे. खरा टॅक्सीवाला स्टँडवर आपल्या गाडीपाशी, रांगेत उभा असतो. रांग सोडून तो प्लॅटफॉर्मवर फिरत बसला तर त्याचा नंबर जातो. म्हणून जो तुम्हाला आत, जिन्यावर किंवा पुलावर गाठतो, तो एक तर दलाल असतो, नाही तर त्याची गाडी रांगेत लावता येण्यासारखी नसते. दोन्ही बाबतीत तुम्ही 'नको' म्हणायचं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी भाची अंधेरीला खोली घेऊन राहते, वर्षभर नोकरी करते आहे, म्हणजे मुंबई तिला नवी नाही. गाडी रात्री बाराच्या आत पोचायची, ती पहाटे तीन वाजून गेल्यावर लागली. मावशीची झोप कशाला मोडायची म्हणून तिने मला फोन केला नाही. प्लॅटफॉर्म संपतो तिथे एक माणूस पुढे आला. अंगात खाकी शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेलं ओळखपत्र. "मॅडम, ऐप वाली गाडी ना? पिकअप उधर है," म्हणत त्याने तिची ट्रॉली हातात घेतलीसुद्धा. ती मागे चालत राहिली. टॅक्सीची रांग मागे पडली, दिव्यांचा उजेड मागे पडला. रस्त्यापलीकडे झाडाखाली पांढरी गाडी उभी होती आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर आधीच एक जण बसलेला. "भाई है, आगे उतर जाएगा." डॅशबोर्डवर मोबाइल अडकवायचा स्टँड होता, पण त्यात मोबाइल नव्हता. तिचं लक्ष तिथे गेलं. अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्याचा फोन रात्री तीन वाजता बंद कसा असेल?

तिने बॅग मागितली. तो ट्रॉलीचा दांडा सोडेना. मग तिने जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगते: ट्रॉली तिथेच सोडून ती वळली आणि सरळ स्टेशनच्या उजेडाकडे चालू लागली. दारावर आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई होता, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तो माणूस "अरे मॅडम, सामान तो लो" असं ओरडत दहा-बारा पावलं मागे आला, शिपायाला बघून परत फिरला आणि गाडी निघून गेली. ट्रॉली रस्त्याच्या कडेला पडलेली होती, शिपायानेच आणून दिली. त्या माणसाच्या मनात काय होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही. दुप्पट पैसे उकळण्यापलीकडे काही नसेलही. पण ते गाडीत बसून कळण्यासारखं नव्हतं.

याच एलटीटीवर जानेवारी २०१४ मध्ये एक तेवीस वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनीअर मुलगी नाताळाच्या सुट्टीहून पहाटे परतली. तीही मुंबईतच नोकरीला होती आणि तिलाही अंधेरीला जायचं होतं. स्टेशनातल्या कॅमेऱ्यांत ती एका अनोळखी माणसाबरोबर जाताना दिसली. दहा-अकरा दिवसांनी तिचा मृतदेह ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगत, कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूला सापडला. त्या माणसाने पैसे ठरवून तिला सोडायचं कबूल केलं आणि बाहेर मोटारसायकलवर बसवलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यातल्या त्रुटींमुळे निर्दोष सोडलं. म्हणजे तिचा जीव कोणी घेतला, याचं कायद्याने टिकणारं उत्तर आजही नाही. आमच्या भागातल्या बायकांना ती बातमी विसरता आलेली नाही. हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

आता क्रमाने, घरून निघण्यापासून दारात पोचेपर्यंत.

निघण्याआधी

गाडी मुंबईत किती वाजता पोचते ते तिकीट काढतानाच बघा. दोन गाड्यांमध्ये निवड असेल तर सकाळी सहानंतर किंवा रात्री दहाच्या आत पोचणारी घ्या, शंभर-दीडशे रुपये जास्त पडले तरी. मुंबईची लोकल रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात बंद असते, मेट्रो त्याच्याही आधी थांबते. नेमक्या याच तासांमध्ये तुम्ही टॅक्सी-रिक्षावर अवलंबून असता, आणि हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

जिथे जायचं तो पत्ता कागदावर लिहा. सोबत वाटेवरची तीन ठिकाणं लिहा. एलटीटीहून अंधेरीला जायचं असेल तर सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, नाही तर कुर्ला-साकीनाका, नाही तर हायवेने विक्रोळीपुढे जाऊन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, असे रस्ते आहेत. नकाशा एकदा घरीच उघडून बघितला असेल तर गाडीत बसल्यावर पाट्या ओळखीच्या वाटतात. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याचं वळण सोडून भांडुपची पाटी आली, तर गाडी अंधेरीला चाललेली नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळायला हवं. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवर्क नसलं तरी चालतो.

मूळ प्रमाणपत्रं, आधार, पैसे आणि चार्जर पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. माझी भाची ट्रॉली सोडून चालू शकली, कारण तिच्या आईने बजावलं होतं म्हणून मार्कशीट सॅकमध्ये होत्या. ट्रॉलीत फक्त कपडे आणि फराळाचे डबे होते.

फोन पूर्ण चार्ज ठेवा. प्रवासात सिनेमे बघून बॅटरी संपवू नका, शेवटच्या तासाभरासाठी ती राखून ठेवा.

गाडीतून उतरल्यावर: स्टेशन सोडायची घाई नको

रात्री बारा ते पाच या वेळात उतरलात आणि घ्यायला कोणी आलेलं नसेल, तर सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. मोठ्या स्टेशनांवर प्रतीक्षालय असतं, बायकांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. तुमच्याकडे प्रवासाचं तिकीट आहे, तिथे बसायचा तुम्हाला हक्क आहे. पहाटे चार-साडेचारला लोकल सुरू होते. एलटीटीपासून हार्बर लाइनचं टिळकनगर स्टेशन जवळ आहे, पण त्या रस्त्यानेही अंधारात एकट्याने सामान ओढत जाऊ नका. उजाडू द्या. दोन तास बाकावर अवघडून बसलात तर पाठ दुखेल, एवढंच.

चालताना कोणी "कहाँ जाना है?" विचारलं तर कुठे जायचं ते सांगायचं नाही. हा प्रश्न निरागस वाटतो, पण तुम्ही 'अंधेरी' म्हणालात की त्याला तीन गोष्टी कळतात: घ्यायला कोणी आलेलं नाही, लांब जायचं आहे, आणि तुम्ही उत्तर देणाऱ्यांपैकी आहात. न थांबता "घ्यायला आलेत" एवढंच म्हणा आणि पुढे व्हा. इथे खोटं बोलायला काहीच हरकत नाही.

सामानाला कोणाचा हात लागू देऊ नका. हमाल हवा असेल तर लाल शर्ट आणि दंडावर नंबरचा बिल्ला असलेलाच घ्या, आणि बिल्ल्याचा नंबर मोठ्याने वाचा. बॅग ज्याच्या हातात, त्याच्यामागे आपण आपोआप चालू लागतो. ट्रॉली पकडण्यामागचा सगळा डाव हाच असतो.

"तुमची गाडी इकडे लागत नाही, तिकडे लागते" असं आपणहून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. हे फक्त टॅक्सीपुरतं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली, त्यातही सुरुवात अशीच होती: ताई म्हणून बोलणं सुरू केलं, तुमची बस दुसरीकडे लागली आहे म्हणाला, आणि अंधारात उभ्या असलेल्या बसकडे नेलं. गाडी कुठे लागते हे विचारायचं असेल तर चौकशी खिडकी, तिकीट तपासनीस किंवा गणवेशातला पोलीस. यांपैकी कोणी दिसेना, तर चहाच्या स्टॉलवाल्याला विचारा, कारण तो आपली जागा सोडून तुमच्याबरोबर येणार नसतो.

खरी गाडी ओळखायची कशी

आधी नंबरप्लेट बघा, ड्रायव्हरचा चेहरा नंतर. भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी आहे, तिच्यात ड्रायव्हर म्हणून कोणी बसून सवारी घेणं बरोबर नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची प्लेट हिरवी असते. त्यात अक्षरं पिवळी असतील तर भाड्याची, पांढरी असतील तर घरगुती.

पांढऱ्या प्लेटची गाडी चालवणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे मला माहीत आहे. कर्जाचा हप्ता भरायला रात्री दोन फेऱ्या मारणारेही असतात. तरी बसू नका. त्या गाडीला सवारी नेण्याचं परमिट नाही, ड्रायव्हरकडे बॅज असेलच असं नाही, म्हणजे त्याची पोलीस पडताळणी झाली की नाही कोणालाच ठाऊक नाही. परमिटशिवाय भाडं मारणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि अपघात झालाच, तर घरगुती गाडी भाड्याने चालवत होते म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते.

मुंबईत रस्त्यावर हात करून मिळणारी टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी. खालची बॉडी काळी, वरचं छत पिवळं. जुन्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, आता दुसऱ्या बनावटीच्या गाड्या आहेत, पण रंग तोच. निळ्या-चंदेरी कूल कॅब एसी असतात आणि त्यांचं भाडं जास्त असतं. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच त्यांची हद्द. हे नवख्या माणसाने पाठच करावं. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल किंवा दादरला कोणी "रिक्षा में छोड़ता हूँ" म्हणाला, तर तो खोटं बोलतो आहे. आणि एलटीटीहून दादरला थेट नेतो म्हणणारा रिक्षावाला तुम्हाला शीवला, रात्री, सामानासकट उतरवणार.

खाकी शर्ट हा पुरावा नाही, तो कुठल्याही बाजारात मिळतो. गळ्यातलं कार्डही पुरावा नाही. गाडीत मीटर आहे का, चालकाचा फोटो आणि बॅज नंबर असलेला तक्ता समोर लावलेला आहे का, आणि त्या फोटोतला माणूस चालवणाराच आहे का, हे बघा. पंधरा सेकंद लागतात. प्लेटचा फोटो काढा, त्याला दिसेल असाच काढा, आणि त्याच्यासमोरच घरी पाठवा. सरळ मनाचा ड्रायव्हर यावर कधीच चिडत नाही. उलट रात्रपाळीचे जुने टॅक्सीवाले स्वतःहून म्हणतात, "नंबर भेज दो घर पे, बेटा." चिडणारा भेटला तर दार उघडून उतरा आणि रांगेतली पुढची गाडी घ्या.

शंका असेल तर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकून गाडी कोणत्या प्रकारात नोंदलेली आहे आणि विमा चालू आहे का ते दिसतं. उभ्या गाडीसमोर हे करत बसणं जमत नाही, पण ओळखीच्याने ठरवून दिलेली गाडी असेल तर आदल्या दिवशी जरूर बघा.

मोटारसायकलवर सोडतो म्हणणाऱ्याला स्टेशनावर कधीच हो म्हणू नका, कितीही स्वस्त असलं तरी.

भाडं आधी डोक्यात ठेवा

भाडं माहीत नसलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये झालं, पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये. रिक्षाचं २६ रुपये, पुढे १७.१४. रात्री बारा ते पहाटे पाच २५ टक्के जादा. म्हणजे दहा किलोमीटरला दिवसा टॅक्सीचे साधारण २०७ रुपये होतात आणि रात्री २५८ च्या आसपास. रिक्षाचे दिवसा १७२, रात्री २१५. सिग्नलला थांबण्याचे वर थोडे धरा. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी चालू दर बघून घ्या.

हे आकडे माहीत असले की दोन टोकं ओळखता येतात. याच अंतराला हजार रुपये मागणारा लुटतो आहे. पण शंभर रुपयांत नेतो म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. रात्री तीन वाजता मीटरच्या निम्म्याहूनही कमी भाड्यात कोणी का नेईल?

बसल्यावर मीटर डाउन केलेलं आहे आणि त्यावर कमीत कमी भाडंच दिसतं आहे, हे बघून घ्या. आधीच आकडा चढलेला असेल तर पुन्हा टाकायला सांगा. जिथे प्रीपेडची खिडकी चालू असेल तिथे दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्या, कारण पावतीवर गाडीचा नंबर येतो, म्हणजे तुम्ही कोणाबरोबर गेलात त्याची नोंद राहते. विमानतळावर उतरणाऱ्यांनीही बाहेरच्या जाळीपाशी घिरट्या घालणाऱ्यांकडे न जाता आतल्याच प्रीपेड खिडकीवर जावं, किंवा अ‍ॅपवाल्या गाड्यांसाठी ठरवलेल्या पार्किंगमध्ये.

पैसे देताना नोट मोठ्याने बोलून द्या: "हे पाचशे." पाचशेची नोट घेऊन शंभरची दाखवायची आणि 'तुम्ही शंभरच दिले' म्हणायचं, ही हातचलाखी स्टेशन-विमानतळाच्या फेऱ्यांत जुनी आहे. यूपीआयने दिलेत तर कोणाला, किती वाजता, किती दिले याची नोंद राहते, पण उघडा फोन त्याच्या हातात देऊ नका.

अ‍ॅपवरून गाडी मागवली तरी

अ‍ॅप आहे म्हणून निर्धास्त होणं बरोबर नाही. अ‍ॅपवर दिसणारा नंबर आणि समोरच्या प्लेटचा नंबर शेवटच्या चार आकड्यांपुरता न बघता पूर्ण जुळवा. "वो गाड़ी सर्विसिंग में है, ये अपनी ही है" असं कोणी म्हणालं तर बसू नका, फेरी रद्द करा. "तुमचं नाव अमुक ना?" असं ड्रायव्हरला विचारू नका, तुम्हीच उत्तर पुरवल्यासारखं होतं. "कोणाला घ्यायला आलात?" असं विचारा आणि तुमचं नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. ओटीपी गाडीत बसल्यावर, प्लेट-चेहरा जुळल्यावरच सांगा. फोनवर आधी मागितला तर देऊ नका.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती एका वाक्याला: "कॅन्सल कर दो, कॅश में चलते हैं, आपको भी सस्ता पड़ेगा." ती फेरी रद्द झाली की तुम्ही त्या गाडीत आहात याची कंपनीकडे नोंद नाही, घरच्यांना पाठवलेला माग बंद, संकटाचं बटण निरुपयोगी. पन्नास रुपये वाचवण्यासाठी तुमची सगळी सुरक्षा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता.

गाडीत बसल्यावर

मागे बसा, ड्रायव्हरच्या तिरकस बाजूला, म्हणजे डाव्या हाताला. बसण्याआधी ते दार आतून उघडतं का ते एकदा करून बघा. ड्रायव्हरशिवाय गाडीत दुसरा कोणीही असेल, भाऊ, मित्र, क्लीनर, 'पुढच्या नाक्यावर उतरणारा', तर बसू नका. वाटेत कोणाला घ्यायला थांबला तर तिथेच, उजेड असेल तर, उतरा. सामान शक्यतो शेजारी सीटवर ठेवा. डिकीत ठेवावंच लागलं तर उतरल्यावर आधी सामान काढा, मग पैसे द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन चालू करा. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात. आठ तासांचा घ्या. आणि फोन लावून मोठ्याने, ड्रायव्हरला ऐकू जाईल असं बोला: "मावशी, बसले गं टॅक्सीत. नंबर पाठवलाय. अर्ध्या तासात येते, काकांना खाली उभं राहायला सांग." काका गावाला असले तरी चालतील.

झोपू नका. दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. ड्रायव्हरने दिलेलं पाणी, बिस्कीट, चहा काही घेऊ नका. तो बिचारा मायेने देत असेल तरी "उपवास आहे दादा" म्हणून टाळा. एकटे राहता, पहिल्यांदा आलात, पगार किती, असल्या गप्पांना आखूड उत्तरं द्या.

रस्ता चुकतोय असं वाटलं तर आधी शांतपणे विचारा: "भैया, साकीनाक्यावरून का नाही?" रस्ता खोदलेला असू शकतो, मुंबईत तो नेहमीच असतो, आणि खरा ड्रायव्हर ते नीट समजावतो. उत्तर टाळलं, वेग वाढवला, तर ११२ लावा. बोलता आलं नाही तरी कॉल चालू राहू द्या, आणि मोठ्याने गाडीचा नंबर आणि दिसणारी पाटी म्हणा. मुंबईत महिलांसाठी १०३ आहे, रेल्वेच्या हद्दीत असाल तर १३९. फोनच्या सेटिंगमध्ये संकटाचा कॉल बटणाने लागण्याची सोय असते, ती घरीच चालू करून ठेवा. घाबरलेल्या बोटांना लॉक उघडत नाही. गाडी सिग्नलला थांबली, पेट्रोलपंप आला, टोलनाका आला, की ओरडा आणि उतरा. सामान राहू द्या.

हायवेवरची 'पुणे, पुणे, पुणे'

मुंबईहून रात्री पुण्याला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. चेंबूर, वाशी, कळंबोलीला रस्त्याच्या कडेला खासगी गाड्या उभ्या असतात, "एकच सीट बाकी आहे" असं ओरडत. आत आधीच तीन माणसं बसलेली असतात, म्हणून धीर येतो. पण ती तिघंही एकमेकांची असू शकतात. घाटाआधी गाडी आडरस्त्याला लावून मारहाण करायची, एटीएमचा पिन घ्यायचा, हे पुरुषांच्या बाबतीतच जास्त होतं, कारण पुरुष बिनधास्त बसतात. तरुण मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. एसटी किंवा तिकीट देणारी बसच घ्या. ती चुकली तर स्टँडवर बसा, पुढची येते.

खासगी ट्रॅव्हल्सने मुंबईत येणाऱ्यांना उलटा त्रास होतो. बस पहाटे साडेतीनला शीवच्या किंवा बोरिवलीच्या पुलाखाली उतरवून निघून जाते. तिकीट काढताना शेवटचा थांबा विचारा आणि उजेड, वर्दळ असलेल्या थांब्यापर्यंतचं तिकीट घ्या, घर आधी येत असलं तरी.

काही घडलंच तर

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं ऐकावं लागतं, कारण फलाटावर रेल्वे पोलीस आणि बाहेर रस्त्यावर शहर पोलीस. हद्द शोधणं तुमचं काम नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. 'झीरो एफआयआर करा' हे शब्द वापरा. गाडीचा नंबर अर्धाच लक्षात असला तरी सांगा, वेळ नक्की सांगा. कॅमेऱ्यातून शोधायला वेळच कामाला येते. काहीच 'घडलं' नसलं, भाचीसारखं नुसतं घडता घडता राहिलं, तरीही कळवा.

दारात पोचल्यावर, आणि घ्यायला जाणाऱ्यांसाठी

इमारतीच्या अगदी जिन्याशी गाडी नेऊ नका, फाटकाशी उतरा. वॉचमनला हाक मारा, तो उठेपर्यंत टॅक्सीवाल्याला दोन मिनिटं थांबायला सांगा. रात्री बहुतेक जण थांबतात. आत गेल्यावर ज्यांना नंबर पाठवला होता त्यांना 'पोचले' एवढं कळवा. तिकडे आई फोन हातात धरून बसलेली असते.

आणि ज्यांच्याकडे पाहुणा येणार आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 'कितीही वाजता फोन कर' असं नुसतं म्हणू नका, तुम्हीच गाडी कुठे पोचली ते बघत राहा आणि तुम्हीच फोन करा. येणारा संकोचाने करत नाही. त्या रात्रीनंतर मी हेच करते. गाडी ठाण्याला आली की उठते, डब्याचा नंबर विचारते, शेजारच्या काकूंना सोबत घेते. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. डब्याच्या दारासमोर उभं राहायचं आणि पहिली बॅग आपण हातात घ्यायची.